शेंगेन व्हिसा: एजंटकडून की स्वतः?

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा. आमच्या घरी तो काढायचे दोन्ही प्रकार करून झाले. 2022 साली इटली-स्वित्झर्लंडसाठी एजंटकडून, गेल्या वर्षी फ्रान्ससाठी मी स्वतः. व्हिसा दोन्ही वेळा मिळाला, त्यामुळे एजंटकडे गेलात तर फसाल असं मी म्हणणार नाही. निर्णय वकिलातीचा असतो, तिथे एजंटचंही काही चालत नाही आणि आपलंही.

पैशांचा फरक फार नाही. 90 युरोंचं शुल्क दोन्हीकडे तेच, व्हिसा नाकारला तर तेही परत मिळत नाही. एजंटने वर जे घेतले ते मला जड गेले नाहीत. पहिल्या खेपेला बोटांचे ठसे द्यायला आपल्यालाच जावं लागतं, म्हणजे एक दिवस मोडायचाच. पुढे ते ठसे 59 महिने चालतात.

माझं मत बदललं ते व्हिसा केंद्रातल्या खिडकीपाशी. फाइल एजंटने त्याच सकाळी हातात दिली होती, छान टॅब वगैरे लावून. खिडकीतल्या मुलीने बायकोचा पासपोर्ट आणि प्रवास विम्याचा कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पेन्सिलीने टिचकी मारली. पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात तिचं आणि माझं अशी दोन्ही नावं आहेत, आपल्याकडे असतात तशी. विम्यावर फक्त तिचं आणि आडनाव. बाहेर येऊन एजंटला फोन लावला तर, “साहेब, चालतं हो, काही होत नाही.” चाललं नाही. नवी पॉलिसी मागवून, खालच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढून परत रांगेत.

तेही मी विसरलो असतो. पण थांबलो होतो तेव्हा फाइल पहिल्यांदा नीट वाचली. अर्जासोबत प्रवासाचा बेत सांगणारं एक पत्र असतं, त्या माझ्या सहीच्या पत्रात झुरिकला तीन रात्री लिहिल्या होत्या. झुरिकला आम्ही फक्त विमानातून उतरणार होतो, मुक्काम लुझर्नला. कुणीतरी जुन्याच पत्रात आमची नावं घातली होती. तिथे कुणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? खाली सही माझी होती. ती बेचैनी व्हिसा हातात येईपर्यंत गेली नाही.

स्वतः करताना तीन संध्याकाळी गेल्या. पहिली पूर्ण रात्रींच्या हिशेबात, कारण ज्या देशात जास्त रात्री त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. तिकीट, हॉटेल, विमा आणि पत्र या चारही कागदांवरच्या तारखा मी एका वहीत लिहून जुळवल्या. नावं पासपोर्टच्या पहिल्या पानावरून अक्षरन् अक्षर उतरवली. बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट आणायला मात्र दोन हेलपाटे झाले. खिडकीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला फाइल न बघता देता आलं. माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं.

अपॉइंटमेंटच्या बाबतीत एजंट उजवा, हे मान्य करायला हवं. उन्हाळी सुट्टीच्या आधी तारखा मिळत नाहीत आणि त्याचा माणूस दिवसभर लक्ष ठेवून असतो. आम्ही सप्टेंबरला निघणार होतो आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणून निभावलं. आठ-दहा जणांचं कुटुंब असेल किंवा कॉम्प्युटरवर बसणारं घरात कुणी नसेल तर एजंटच बरा. फक्त अपॉइंटमेंटच्या दोन दिवस आधी पूर्ण फाइल मागून घ्या आणि पत्र सही करण्यापूर्वी वाचा.

सध्या मोठ्या बहिणीचा अर्ज मीच भरतोय. तिचं बँक खातं माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या. ते पत्रात दोन ओळींत लिहून लग्नाचा दाखला जोडलाय, आणि ते पत्र तिला फोनवर दोनदा वाचून दाखवलंय.