सावंतवाडीचे एक्सपोर्ट पॅकिंगवाले: पेटी जर्मनीला पोचली, गिटार त्यांनी घेतलीच नाही

आधीच सांगतो, दुकान बघून तुम्ही परत फिराल. मोती तलावाकडून बाजारात शिरलं की एका झेरॉक्सवाल्याच्या मागे गाळा आहे, बाहेर खोक्यांचा ढीग, आत बबल रॅपचे रोल आणि एक वजनकाटा, बस्स. पण जुनी वाद्यं बाहेरदेशी पाठवायची असतील तर मी तरी आता दुसरीकडे जाणार नाही.

आमचा मॅटर असा की आतेभाऊ जर्मनीत सेटल झालाय आणि त्याला घरातल्या दोनच वस्तू हव्या होत्या. एक आजोबांची पेटी म्हणजे हार्मोनियम, आजोबा भजनीबुवा होते, डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, पार कणकवलीपर्यंत जायचे. दुसरी गिटार, माझ्या काकांची म्हणजे त्याच्या मामाची. काका बोटीवर होते, साठच्या दशकात हॅम्बुर्गहून सेकंडहँड मार्टिन (अमेरिकन कंपनीची गिटार) घेऊन आले आणि मग ती आयुष्यभर कपाटावरच.

आधी एका कुरियरवाल्याकडे गेलो होतो (नाव जाऊ दे), तो म्हणतो सावंतवाडीची लाकडी खेळणी म्हणून टाकू, कोण बघतोय. आता पेटी काय आणि खेळणं काय, स्कॅनरमध्ये दिसत नाही का? आणि पकडलं तर सेंडर म्हणून नाव माझं, त्याचं नाही.

इथले भाऊ मात्र रेट सांगायच्या आधी प्रश्नच विचारत बसले. पेटी किती जुनी? कारण शंभर वर्षांवरची वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू धरतात आणि ती देशाबाहेर नेता येत नाही, वय काठावर असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नाही असं सर्टिफिकेट काढावं लागतं. आमची तेवढी जुनी नाही, आजोबांनी नवी घेतलेली, बिलाचा कागद आत्तेने जपून ठेवलाय. मग पट्ट्या कशाच्या? मी म्हटलं प्लॅस्टिक असेल. त्यांनी भिंग काढलं, मोबाईलचा टॉर्च मारला आणि मला पण बघायला लावलं, पांढऱ्या पट्टीवर बारीक बारीक काळपट ठिपके आणि रेघोट्या दिसत होत्या. ते म्हणे हे हाड, हस्तिदंताला असे ठिपके नसतात, त्याच्या कापलेल्या टोकाला एकमेकांना छेदणाऱ्या जाळीसारख्या रेषा असतात. हस्तिदंत निघाला असता तर विषय तिथेच संपला असता.

लाकडाचं पण तसंच. पेटीचा सांगाडा सागवानी, सायटीस म्हणजे तो संरक्षित झाडं-प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार, त्यात सागवान नाहीच. पण बाजूच्या फळ्या शिसवी, आणि शिसवी २ जानेवारी २०१७ पासून त्या कराराच्या दुसऱ्या यादीत आहे. तेव्हा जगभर वाद्यवाल्यांचे वांधे झाले होते म्हणे, मग २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट दिली. तरी भाऊंनी पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून पत्र घेतलंच, कुठला भाग कुठल्या लाकडाचा, झाडाचं शास्त्रीय नाव, सगळं. ऑफिसर विचारेपर्यंत थांबायचं नाही हा त्यांचा फंडा.

आणि गिटार उघडल्यावर गप्पच झाले. साउंडहोलमधून आत नेक ब्लॉकवरचा (गिटारीची मान जिथे जोडतात तो लाकडी ठोकळा) नंबर वाचला, त्यावरून साल काढलं, मग सरळ मालवणीत, "ही मी घेवचंय नाय. आधी कागद हाडा, मगे बघू." (हाडा म्हणजे आणा.) कारण मार्टिनवाले १९६९पर्यंत असल्या गिटारींना ब्राझीलचं रोझवुड लावायचे, नंतर आपल्या इकडचं शिसवी लावायला लागले. ब्राझीलवालं १९९२ पासून पहिल्या यादीत, म्हणजे सगळ्यात कडक, त्याला ती २०१९ची वाद्यांची सूट लागू नाही. १९९२च्या आधीची वस्तू आहे हे पुराव्यानिशी दाखवायचं, इथून परवानगी, तिकडून जर्मनीची परवानगी, आणि दोन्ही हातात आल्यावरच पार्सल. कलाकार लोकांना दौऱ्यासाठी तीन वर्षांचं वाद्याचं वेगळं सर्टिफिकेट मिळतं, ते का नाही म्हणून मी विचारलं, तर ते वाद्य परत आणायच्या बोलीवर असतं, कायमचं द्यायला नाही. गिऱ्हाईक दारात उभं असताना नाही म्हणणारा माणूस मी कमी बघितलाय. आता काकांचे गिटार घेतलेले जुने फोटो शोधतोय, एकावर मागे तारीख आहे.

पॅकिंगबद्दल लिहायलाच पाहिजे. भाता बंद करून पट्टीने बांधला, पट्ट्यांवर पातळ फोम ठेवून वरून हलकी दाबपट्टी, म्हणजे प्रवासात खडखडाट नको. स्वर लोखंडी नाहीत पण आपल्याकडची पावसाळी हवा कुणालाच सोडत नाही म्हणून आत सिलिकाच्या पुड्या, बाहेरून प्लॅस्टिक सील. मी म्हटलं चितारआळीतून आंब्याच्या फळ्यांची मस्त पेटारी करून आणतो, तर नको म्हणाले, साधं लाकूड असेल तर ते आतपर्यंत ५६ डिग्रीला अर्धा तास तापवून शिक्का मारलेलं लागतं, नाहीतर खोक्यापायी माल अडकतो. प्लायवूडला ती भानगड नाही, म्हणून प्लायचाच खोका.

पेटी पोचली, आतेभावाने व्हिडिओ पाठवला, काळी चारची एक पट्टी जरा चिकटतेय पण ती इथून जातानाच चिकटत होती.

आता तक्रारी. रेट कुरियरपेक्षा चांगलाच जास्त आहे आणि त्यात मुंबईच्या क्लिअरिंग एजंटचा खर्च वेगळा, तो आधी नीट सांगत नाहीत, विचारून घ्या. व्हॉट्सॅपला उत्तर यायला दिवस जातो. बिल हाताने लिहितात, अक्षर देवाला ठाऊक. गणपतीत दुकान बंद म्हणजे बंद, फोन पण उचलत नाहीत, तेव्हा चतुर्थीच्या आधी जायचं असेल तर जा नाहीतर सरळ विसर्जनानंतरच. आणि जाताना वाद्याचं जुनं बिल, फोटो, जे काय असेल ते सगळं घेऊन जा, नाहीतर मला पाठवलं तसं परत घरी पाठवतील.