थीम पार्कची सहल: पॉइंट्स विमान-हॉटेलला की बिलात वळते?

पार्कच्या सहलीत क्रेडिट कार्डाच्या खर्चावर मिळालेले पॉइंट्स वापरायचे दोन मार्ग. एक, ते एअरलाइन किंवा हॉटेलच्या कार्यक्रमात पाठवून तिकीट किंवा खोली घ्यायची. दुसरा, पार्कची तिकिटं कार्डाने काढून पॉइंट्स बिलात वळते करायचे.

पहिल्यात एका पॉइंटला जास्त मोल मिळू शकतं, पण ते बहुतेकदा एकट्यादुकट्या प्रवाशाला. चौघांना एकाच विमानात पॉइंट्सवरच्या जागा मिळणं अवघड, त्यातून शाळेच्या सुट्ट्या! 2 वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतंत्र सीट लागते, म्हणजे तेवढे पॉइंट्स आणखी. कर आणि अधिभार वेगळे. शिवाय एकदा पाठवलेले पॉइंट्स सहसा परत येत नाहीत, म्हणून जागा दिसल्याशिवाय पाठवू नयेत. हॉटेलचं गणित सोपं: चौघं एका खोलीत मावले तर पॉइंट्स एकाच खोलीचे.

दुसऱ्या मार्गात मोल कमी, डोकेदुखीही कमी. फक्त एक ग्यानबाची मेख आहे. काही कार्डांवर पॉइंट्स फक्त 'प्रवास' खर्चावरच वळते होतात, आणि पार्कचा व्यापारी कोड (धंद्याचा प्रकार सांगणारा कार्ड व्यवहारातला क्रमांक) सहसा असतो 7996. त्यात सर्कस आणि चक्क भविष्य सांगणारेही येतात, त्यामुळे काही बँका तो प्रवासात धरत नाहीत. पार्कच्याच हॉटेलातून पॅकेज घेतलं तर कोड बदलू शकतो. आधी बँकेला विचारा.

माझा कौल? लहान मुलं असतील तर खोली पॉइंट्सवर, तिकिटं बिलात. विमानाच्या मागे लागायचं ते तारखा बदलता येत असतील तरच.