पंधरा हीट, वीस पौंड: स्पीडवेचं तिकीट कोणत्या रात्रीचं काढावं?

स्पीडवे म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत. आधी पैशांचं बोलतो. ब्रिटिश स्पीडवेच्या लीग मॅचचं तिकीट मोठ्या माणसाला वीस पौंडांच्या आसपास पडतं, वर प्रोग्रॅमचे तीन-चार. बदल्यात मिळतात पंधरा हीट, म्हणजे छोट्या शर्यती, आणि एक हीट जेमतेम एका मिनिटाची. म्हणजे पंधरा मिनिटांची शर्यत आणि उरलेला वेळ माती सारखी करणारा ट्रॅक्टर बघत बसायचं. हा हिशोब माझ्या बायकोचा. हिशोबात चूक काढता येत नाही, म्हणून मी वाद घालत नाही. गुरुवार आला की डबा भरतो आणि फॉक्सहॉल स्टेडियमला जातो.

मी फेलिक्सस्टोच्या बंदरात शिफ्टवर काम करतो, राहतो इप्सविचमध्ये. आमचा संघ इप्सविच विचेस, त्याची घरची मॅच गुरुवारी. पहिल्यांदा नेलं ते शेजारच्या आजोबांनी. त्यांनी 1998 ची टीम डोळ्यांनी पाहिलेली. टोनी रिकार्डसन आणि टोमाश गोलोब एकाच बाजूने, त्या वर्षी लीग इप्सविचची आणि जगज्जेतेपद रिकार्डसनचं. अजूनही कुठल्याही मॅचनंतर ते एवढंच म्हणतात, "बरी होती." 1998 नंतर त्यांना सगळं बरंच वाटतं.

नवख्यांसाठी थोडक्यात. 500 सीसीची एका सिलिंडरची बाइक, इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. चार रायडर, प्रत्येक संघाचे दोन, चार फेऱ्या, सगळं डावीकडे वळत. हेल्मेटवरून ओळखायचं: लाल-निळे घरचे, पांढरे-पिवळे पाहुणे. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. एका हीटमध्ये सहा गुण, पंधरा हीटमध्ये नव्वद, म्हणून 45-45 झाली की बरोबरी. वाऱ्यावर एरंडेलापासून केलेल्या इंजिन ऑइलचा जळका वास येतो. लहानपणी नाक दाबून एरंडेल प्यायलेल्या माणसाला तो वास आवडेल असं सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आता मूळ तक्रार. यातल्या बऱ्याच रात्री सहाव्या-सातव्या हीटलाच संपतात. घरचा संघ दोनदा 5-1 मारतो (म्हणजे पहिला-दुसरा दोन्ही आपलेच), पाहुण्यांचे खांदे पडतात, आणि पुढचे आठ-नऊ हीट नुसती हजेरी. वीस पौंड त्याच रात्री जास्त टोचतात. म्हणून काही वर्षं मी एकच अभ्यास केला: तिकीट काढायच्या आधी कसं ओळखायचं की मॅच चुरशीची होईल? संघाची ताकद किती मोजायची आणि ट्रॅकची किती?

ताकद कागदावर मोजायला सोपी. प्रत्येक रायडरची सरासरी असते. त्याचे गुण आणि बोनस गुण मिळवायचे, चाराने गुणायचं, धावलेल्या हीटनी भागायचं. आपल्याच जोडीदाराच्या मागोमाग आलात तर बोनस गुण. तो संघाच्या खात्यात जात नाही, पण सरासरीत धरतात. बारा म्हणजे पूर्ण आकडा. हंगामाच्या सुरुवातीला सातही जणांच्या सरासरींची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसवावी लागते. मर्यादा हंगामागणिक बदलते, हेतू तोच राहतो: एकट्याने सगळे मोठे मासे जाळ्यात ओढू नयेत. म्हणजे एप्रिलमध्ये कागदावर सगळे संघ जवळपास सारखे. मग कागद सारखा असताना निकाल एवढे एकतर्फी का?

कारण ती सरासरी घरची आणि बाहेरची एकत्र असते. समजा एकाची सरासरी आठ आहे. घरी दहा आणि बाहेर सहा करूनही आठ येते, दोन्हीकडे आठ-आठ करूनही आठच येते. मर्यादेला फरक कळत नाही. तुमच्या संध्याकाळला मात्र चांगलाच कळतो. पहिल्या जातीचा पाहुणा आला की घरी थांबावं, दुसऱ्या जातीचे दोन-तीन येत असतील तर रजा टाकून जावं. आपल्या गल्लीत कुत्रंही शेर असतं, हे स्पीडवेत शब्दशः खरं आहे. शेफील्डच्या ओलर्टन स्टेडियमला तर त्याच मैदानात ग्रेहाऊंडही पळतात.

ट्रॅकचा फायदा नेमका असतो कुठे, हे मला समजलं ते एका हीटमध्ये. फॉक्सहॉलला बाहेरून स्टॉक कारचा डांबरी पट्टा आहे, आत शेलचा, म्हणजे दगडी भुकटीच्या मातीचा, स्पीडवे ट्रॅक. त्यामुळे प्रेक्षक जरा लांब पडतात आणि बाइकची ओळ नीट दिसते. तिसरी हीट होती. पांढऱ्या हेल्मेटचा पाहुणा सुरुवातीची टेप वर उडताच सगळ्यांच्या आधी सुटला, सुरेख सुटला. आतली ओळ धरून पहिल्या वळणात शिरला आणि त्याला वाटलं होतं तिथे माती नव्हतीच, चोपडं होतं. मागचं चाक नुसतं फिरलं, बाइक बाहेर वाहत गेली, आणि वळणाच्या शेवटी जिथे माती साठली होती तिथे एकदम पकड मिळून पुढचं चाक हातभर वर उठलं. लाल हेल्मेटचा आमचा पोरगा सुटताना तिसरा होता. तो मुद्दाम रुंद गेला होता, त्या मातीवर बाइक फिरवून सरळ झाला आणि आतून निघून गेला. त्याला काही विशेष करावं लागलं नाही. ती माती कुठे असते हे त्याला ठाऊक होतं, एवढंच.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. हीटनंतर मी पिट्सच्या बाजूला सरकलो. त्या पाहुण्याचा मेकॅनिक गुडघ्यावर बसून मागचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) बदलत होता, आणि रायडर हाताच्या पंजाने हवेत वळण काढून त्याला काहीतरी सांगत होता. पुढच्या वेळी तोच गडी बाहेरच्या गेटवरून, म्हणजे सुटायच्या बाहेरच्या जागेवरून, सुटला, सरळ त्या मातीकडे गेला आणि आरामात जिंकला. ताकद त्याच्यात आधीही होती, पत्ता मिळायला एक हीट गेली.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: घरच्या ट्रॅकचा फायदा हा मुख्यतः पहिल्या चार-पाच हीटचा असतो. तेवढ्यात पाहुणे आठ-दहा गुणांनी मागे पडले तर नुसत्या ताकदीवर परत येणं अवघड, कारण उरलेल्या हीटमध्ये 4-2 मारूनही दोन-दोननेच अंतर कमी होतं. तेवढ्यात टिकले तर मॅच रंगते. त्यामुळे मी मॅचच्या आधीच पोचतो. पाहुणे रायडर ट्रॅकवर चालत फिरतात, बुटाच्या टोकाने माती उकरून बघतात. जो संघ घोळक्याने गप्पा मारत एक फेरी मारून परत जातो, त्याच्याकडून मला फार आशा नसते. एकेकटे थांबून, वाकून, दुसऱ्या वळणाकडे परत जाऊन बघणारे आले की मी पेन काढतो.

पेनावरून आठवलं: प्रोग्रॅम विकत घ्याच, आणि भरा. प्रत्येक हीटचा निकाल हाताने लिहायची इथे जुनी पद्धत आहे. आजोबा दोन पेनं आणतात, पावसात बॉलपेन चालत नाही म्हणून पेन्सिलही. लिहिल्याशिवाय मॅच कळत नाही. कोण कुठल्या गेटवरून काय करतोय, कुठल्या ओळीत गुण सांडताहेत, हे सगळं त्या चौकोनांत दिसतं.

आणि त्या चौकोनांत सहा-सात नंबरकडे आधी बघा. हे रिझर्व्ह, म्हणजे संघातले राखीव, कमी सरासरीचे रायडर. लोक एक नंबरच्या नावावर तिकीट काढतात, पण दोन्हीकडचे एक आणि पाच नंबर तेराव्या हीटला भिडतात तेव्हा ते बहुधा एकमेकांना तोलून धरतात. मॅच फिरते ती खालच्या टोकाला. दुसरी हीट रिझर्व्हची, आणि एखाद्याला गरजेप्रमाणे जास्त वेळाही पाठवता येतं. एखादा बरा रायडर दुखापतीने किंवा इंजिनाच्या कटकटीने सरासरी घसरून रिझर्व्हला आला की तो संघ कागदापेक्षा कितीतरी तगडा होतो. असा रिझर्व्ह पाहुण्यांकडे असेल तर ती रात्र चुकवू नका. यजमानांकडे असेल तर घरी थांबून जेवून घ्या.

एक मोठा गैरसमज मात्र मी स्वतः दोन वर्षं बाळगला. ट्रॅकचा फायदा संघाचा असतो, असं मी धरून चाललो होतो. फायदा असतो तो रायडरचा. इथे बरेच जण प्रीमियरशिप (वरची) आणि चॅम्पियनशिप (तिच्या खालची) अशा दोन्ही लीगमध्ये दोन वेगळ्या क्लबांकडून धावतात, क्लबही बदलत राहतात. शिवाय कोणी जखमी असेल तर गेस्ट आणतात, म्हणजे दुसऱ्या क्लबचा, तेवढ्याच किंवा कमी सरासरीचा रायडर एका रात्रीपुरता. तो गेस्ट कधी काळी तुमच्याच ट्रॅकवर चार हंगाम काढलेला निघाला, तर तुमचा 'घरचा फायदा' पाहुण्यांच्या जर्सीत उभा असतो. अनोळखी गेस्ट दिसला की तो आधी कुठे कुठे धावलाय एवढं फोनवर बघून घ्या.

ट्रॅक-ट्रॅकमध्येही फरक आहे. ओलर्टन साधारण 360 मीटरचा, वेगाचा. फॉक्सहॉलची सवय असलेल्याला तिथे थ्रॉटल किती वेळ उघडा ठेवायचा हेच आधी कळत नाही. शेफील्डने 2023 ची प्रीमियरशिप जिंकली तेव्हा आजोबा म्हणाले, "ट्रॅकने जिंकून दिली." मला ते पटलं नाही. ट्रॅक अर्धा हंगाम जिंकून देतो, उरलेला अर्धा बाहेर धावावा लागतो.

मला सगळ्यात वसूल वाटलेलं तिकीट मँचेस्टरच्या गॉर्टनमधल्या नॅशनल स्पीडवे स्टेडियमचं, बेल व्हू एसेसचं घर. साधारण 350 मीटर, वळणं रुंद, आतूनही जाता येतं, बाहेरूनही. सुटताना मागे पडलेला माणूस तिथे तिसऱ्या फेरीला पुढे येऊ शकतो, म्हणजे पाहुण्यांच्या ताकदीला काम करायला जागा मिळते. याच स्टेडियमची उद्घाटनाची रात्र, मार्च 2016, ट्रॅक नीट न जमल्यामुळे रद्द करावी लागली होती. आज तिथे उभं राहिल्यावर खरं वाटत नाही. अरुंद ट्रॅकवर पहिल्या वळणात क्रम ठरतो आणि तोच शेवटपर्यंत राहतो. तिथे सुटणंच सगळं, आणि सुटायची जागा यजमानांच्या पायाखालची.

खुद्द लीगनेही हा फायदा अनेकदा नियमात मान्य केला आहे. काही हंगाम असे होते की बाहेर जिंकलात तर जास्त गुण, आणि सहा किंवा कमी गुणांनी हरलात तरी पाहुण्यांना एक गुण. मला तो नियम फार आवडायचा. मॅच हातची गेली तरी पाहुण्यांना शेवटच्या हीटपर्यंत जीव तोडावा लागायचा. एकाच संघाशी घरी आणि बाहेर झालेल्या दोन मॅचच्या बेरजेवर संघाला मिळणारा बोनस गुणही तसाच. घरी 50-40 जिंकलात, बाहेर 42-48 हरलात, तर बेरीज 92-88 तुमची. म्हणून घरची मॅच खिशात असतानाही एखादा रायडर शेवटून तिसऱ्या हीटला एका गुणासाठी कुंपणाला घासून जातो, तेव्हा त्याला वेडा समजू नका.

सेवेबद्दल दोन शब्द, कारण पैसे तर आपण त्याचेही देतो. एका क्लबचं नाव घेत नाही. तीन तास गाडी हाकून गेलो, तीन हीट झाल्या, पाऊस आला आणि मॅच रद्द. हातात पुढच्या मॅचचा पास ठेवला, जो त्याच हंगामात वापरायचा होता. माझी शिफ्ट, त्यांची तारीख, जमलंच नाही. तिथले चिप्सही थंड होते, पण तो राग बहुधा पावसाचा असावा. बाहेरगावी जाणार असाल तर हवामान सकाळी नाही, निघायच्या क्षणी बघा, आणि मॅच रद्द झाल्यावर पैशांचं काय होतं तो नियम आधी वाचा. बाकी लोक मात्र प्रेमळ. वळणाजवळ उभ्या असलेल्या एका बाईंनी न विचारता मला जागा बदलायला लावली. पुढच्याच हीटला मी आधी उभा होतो तिथे शेलचा सडा पडला.

माझ्याकडून घरच्या गुरुवारला पाचपैकी साडेतीन, गॉर्टनच्या रात्रीला साडेचार. अर्धा कापला तो परतीच्या रस्त्याचा.

येत्या गुरुवारी येणाऱ्या संघाचा तीन नंबर जखमी आहे. त्याच्या जागी जो गेस्ट जाहीर झालाय त्याने आमच्याकडे दोन हंगाम काढलेत, आणि त्यांचा सात नंबर मागच्या वर्षी पहिल्या पाचांत होता. बायकोला मी हे सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आपण हरणार?" म्हटलं, शक्यता आहे. "आणि म्हणून तू दोन तिकिटं काढलीस?"