कागदी फुलांसाठी क्रेप की टिश्यू?
गुलाब करायचा असेल तर मी डोळे झाकून क्रेप कागद घेते. त्याच्या बारीक चुण्यांमुळे तो आडवा ताणला जातो. चुण्या देठाकडून टोकाकडे उभ्या ठेवून पाकळी कापायची आणि दोन्ही अंगठ्यांनी मधोमध हलकेच ताणायची. वाटीसारखा खोलगटपणा येतो आणि तसाच टिकतो. कड पेन्सिलीवर गुंडाळली की गुलाब उमललाच! मोठ्या पाकळ्यांना १८० ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या वजनाचा) जाड क्रेप घ्यावा.

टिश्यू म्हणजे पातळ, मऊ कागद; तो ताणला की फाटतो, गोंद जास्त झाला तर लगदा होतो. पण झेंडूसारखं भरगच्च फूल त्याचंच खुलतं: आठ-दहा थर, पंख्यासारख्या घड्या, मधे तार, मग एकेक थर हळूच उचलायचा. लहान मुलं सोबत असतील तर टिश्यूच बरा. ओलाव्यापासून मात्र दोन्ही जपा, रंग सुटतो.