दातोंगची गाडी-गाइड सेवा: लेण्यांना पाच तारे, दुसऱ्या दिवसाला तीन

बीजिंगला जाणारी आपल्याकडची मंडळी मोठी भिंत, राजवाडा आणि बाजार करून परत येतात. आम्ही त्यातले दोन दिवस वाचवून दातोंगला गेलो. वेगवान रेल्वेने जेमतेम दोन तास लागतात. तिथे हॉटेलवाल्याने गाडी, ड्रायव्हर आणि इंग्रजी बोलणारी गाइड मिळवून दिली, ती सेवा कशी होती ते लिहितो.

दातोंगच का, असं जळगावच्या व्याह्यांनीही विचारलं. मी भुसावळचा, रेल्वेतून रिटायर. दीपनगरच्या वीज केंद्राला जाणारे कोळशाचे रेक बघण्यात नोकरी गेली. दातोंग म्हणजे चीनची कोळशाची राजधानी. तिथून छिनह्वांगदाव बंदरापर्यंत ६५३ किलोमीटरची खास कोळशाची लाइन आहे आणि तिच्यावर वीस हजार टनांच्या मालगाड्या धावतात. मेन लाइनची वाफेची इंजिनं तिथल्या कारखान्यात १९८८ पर्यंत बनत होती. सौभाग्यवतींना यात काडीचा रस नव्हता. त्या दातोंगजवळच्या युनगांगच्या बौद्ध लेण्यांसाठी आल्या होत्या. शेवटी त्यांचंच बरोबर निघालं.

गाइड पंचविशीतली पोरगी. आम्ही अजिंठ्याजवळचे म्हटल्यावर तिने दिवसाचा बेतच बदलला. युनगांगच्या लेण्यांचे नंबर पूर्वेकडून पश्चिमेकडे लावलेले आहेत आणि बहुतेक लोक त्याच क्रमाने चालतात. हिने आम्हाला आधी थेट १६ ते २० नंबरच्या लेण्यांपाशी नेलं, कारण कोरायला सुरुवात तिथून झाली. नुसतं एवढं केल्याने सगळा इतिहास डोक्यात सरळ बसला. उत्तरेच्या गवताळ मुलखातून आलेल्या थोपा टोळीच्या राजांनी, म्हणजे उत्तर वेई घराण्याने, ३९८ मध्ये इथे राजधानी केली. तेव्हा गावाचं नाव फिंगछंग. जागा नेमकी शेती आणि कुरणांच्या सीमेवरची, म्हणून दोन्हीकडे लक्ष ठेवायला सोयीची. ४४६ मध्ये त्यांच्याच एका सम्राटाने बौद्ध धर्मावर बंदी घालून मठ-मूर्ती फोडल्या. पुढच्या सम्राटाने बंदी उठवली आणि ४६० च्या सुमारास थानयाव नावाच्या भिक्षूच्या देखरेखीखाली पाच प्रचंड बुद्ध कोरायला घेतले. ते पाच बुद्ध म्हणजे पाच सम्राटच, असं मानतात. ४९४ मध्ये राजधानी ल्वोयांगला हलली आणि नंतर कोरली गेलेली लेणी आकाराने लहान होत गेली. हा फरक चालता चालता डोळ्यांना दिसतो.

आणि गंमत बघा, पाचव्या शतकाच्या त्याच उत्तरार्धात इकडे वाकाटक हरिषेणाच्या राज्यात अजिंठ्याचं दुसऱ्या टप्प्यातलं काम चालू होतं! पाहुणे आले की अजिंठा दाखवणं हे आमच्या घरचं ठरलेलं काम, तरी हे कुणी सांगितलं नव्हतं. आपला दगड बसाल्ट, टणक. तिथला वालुकाश्म, वारा-पाण्याने झिजणारा. विसाव्या लेण्याची दर्शनी भिंत कोसळल्यामुळे पावणेचौदा मीटरचा बुद्ध उघड्यावर बसलेला दिसतो. फोटोत सगळे हाच बुद्ध टाकतात. मला मात्र सहावं लेणं जास्त आवडलं. मधल्या खांबावर आणि भिंतींवर बुद्धचरित्र कोरलंय, माना दुखेपर्यंत बघा. आठव्याच्या दाराशी सौ. एकदम थबकल्या. नंदीवर बसलेले महेश्वर! तीन तोंडं, आठ हात. समोर पक्ष्यावर कुमार, म्हणजे आपले कार्तिकस्वामी. तिथे हात जोडणाऱ्या बाई गाइडने बहुधा पहिल्यांदाच पाहिल्या असाव्यात.

लेण्यांसमोरून पूर्वी कोळशाच्या ट्रकांचा हायवे जायचा. काजळी मूर्तींवर बसायला लागली म्हणून तो रस्ता लांबून वळवला. हे तिने मी विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही.

संध्याकाळचं जुनं शहर ठीक. मिंग काळातली १३७२ ची तटबंदी २००८ नंतर इतकी नवीकोरी करून टाकली आहे की विटा मोजत बसावंसं वाटतं. तिच्यासाठी आतल्या किती लोकांची घरं हलवली, असं विचारलं तर गाइडने विषय बदलला. नऊ ड्रॅगनची भिंत फोटोपुरती. त्यापेक्षा ह्वायान मंदिराला वेळ द्या. तिथला ग्रंथ ठेवायचा लाकडी दिवाणखाना १०३८ चा आहे.

दुसऱ्या दिवसाचे तारे कापले ते गाइडपेक्षा ड्रायव्हरमुळे. कड्याला टांगलेलं हुनयुआनचं मंदिर आणि यिंगशियनचा १०५६ चा, ६७ मीटर उंच लाकडी मनोरा, दोन्ही एका दिवसात होतात. पण या गृहस्थांनी वाटेत आम्हाला दगडी वस्तूंच्या दुकानात नेऊन बसवलं. हे ठरलेलं नव्हतं. परिणामी मंदिराच्या वर जायच्या रांगेत ऊन चढलं. सौ. म्हणाल्या, "मी नाही चढत बा, तुम्ही जा," आणि खाली छत्री धरून उभ्या राहिल्या. मनोऱ्यापाशी घाईघाईत पोचलो. वरचे मजले बंदच असतात, तरी खालून ती लाकडी बांधणी नीट बघायला निवांत वेळ हवा होता. गाडी ठरवताना 'दुकान नको' हे कागदावर लिहून घ्या.

जेवणाचं सांगतो. सुरीने थेट उकळत्या पाण्यात सोललेल्या जाड नूडल्सची तिथे फार ख्याती, पण रस्सा मांसाचाच. शाकाहारी असाल तर ओटच्या पिठाच्या वाफवलेल्या सुरळ्या मागा. रंगाने आणि चवीने कळण्याच्या भाकरीच्या नात्यातल्या. सोबत तिथला काळा व्हिनेगर आणि तिखट देतात. तिखट आम्हाला कमीच पडलं, घरून नेलेली चटणी उपयोगी आली. पैसे बहुतेक ठिकाणी मोबाइलवरूनच चालतात, त्याची सोय भारतातूनच करून निघा. हिवाळ्यात जाऊ नका. गाव हजार मीटरवर आहे आणि उत्तरेचा वारा अडवायला काही नाही. आम्ही सप्टेंबरात गेलो होतो, स्वेटर पुरला.