टी४८च्या नावाखाली गेलेले १०,९६० रुपये

माझ्याकडे बीबीसी मायक्रो नावाचा एक जुना संगणक आहे. १९८४ साली सुरू झालेल्या, शाळांतल्या संगणक-साक्षरतेच्या 'क्लास' प्रकल्पातून ही यंत्रे आपल्याकडच्या शाळांमध्ये आली आणि त्यांतलेच हे एक, एका शाळेच्या भंगारातून माझ्या हाती लागले. जुन्या चिपमधला मजकूर कधी उडेल याचा नेम नसतो, म्हणून त्यातल्या रॉम, म्हणजे संगणकाचे मूळ प्रोग्राम साठवलेल्या चिप, वाचून प्रती करून ठेवाव्यात, एवढाच माझा उद्देश होता. त्यासाठी जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावरची जाहिरात पाहून मी ५,८५० रुपयांना टी४८ प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचणारे आणि लिहिणारे यंत्र, घेतला. 'पैसे थेट यूपीआयने द्या, कमिशन वाचेल,' असे विक्रेत्याने सांगितले आणि मी ते दिले. तिथेच शहाणे व्हायला हवे होते असे आपण म्हणाल, आणि ते मला मान्य आहे. परंतु पार्सल तिसऱ्या दिवशी दारात आले, आणि वस्तू हातात पडल्यावर कोण संशय घेतो?

वाचन तर उत्तम झाले. एमओएस १.२० या संगणकाच्या मूळ प्रणालीच्या रॉममध्ये यंत्र घडवणाऱ्यांची नावे लिहिलेली आहेत, पण मेमरीतल्या त्या पत्त्यांवर इनपुट-आउटपुटचे हार्डवेअर बसवलेले असल्यामुळे प्रोसेसरला तो भाग एरवी दिसत नाही. चिप उपसून प्रोग्रामरमध्ये घातली की तीच नावे पडद्यावर उमटतात. ती पाहून मी इतका हरखलो, की त्याच रात्री त्याच माणसाकडून २७सी१२८ जातीच्या १२ कोऱ्या ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिप) प्रत्येकी २९० रुपयांनी, म्हणजे ३,४८० रुपयांना मागवल्या. कुरिअरचे १८० रुपये वेगळे.

चिप लावली तेव्हा प्रोग्रामरच्या सॉफ्टवेअरने स्पष्ट सांगितले की आयडी, म्हणजे चिपची जात सांगणारा तिच्यातला संकेतांक, जुळत नाही. मी विक्रेत्याला विचारले. 'सर, जुन्या चिपला आयडी तपासायचा नसतो, त्या तपासणीच्या चौकटीतली खूण काढून टाका,' असे त्याचे उत्तर आले, आणि मी ती काढली. हा क्षण मला आजही झोपू देत नाही. माझ्या बाजूने एवढेच सांगतो, की सल्ला सर्वस्वी खोटा नव्हता: आयडी वाचताना चिपच्या ए९ पायावर सुमारे १२ व्होल्ट जातात, म्हणून मास्क रॉम (कारखान्यातच कायमची लिहिलेली चिप) वाचताना ती खूण आपण सगळेच काढतो. पण मी वाचत नव्हतो, लिहीत होतो. आणि त्याने जाहिरातीत टाकलेल्या व्हिडिओत ती चौकट आधीपासूनच रिकामी होती, हे मी तीन वेळा पाहूनही मला दिसले नव्हते.

लेखन पहिल्याच बाइटवर अडले. मग 'तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट कमजोर आहे' असे सांगून त्याने '२५ व्होल्टचा अॅडॉप्टर' म्हणून आणखी १,४५० रुपये काढले. तो आल्यावर मल्टिमीटर लावला, तर वरचा प्रत्येक पाय सरळ खालच्या त्याच क्रमांकाच्या पायाला जोडलेला होता. आत दुसरे काहीही नव्हते.

मग नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा चिपवर फिरवला. वरचे नाव पुसले गेले, खाली कानशीने घासल्याचे ओरखडे निघाले, आणि एका चिपवर पुरते न घासलेले '२७१२८' दिसले. मधला 'सी' नाही. म्हणजे लिहायला २१ व्होल्ट लागणारी जुनी चिप, साडेबारा व्होल्टची म्हणून विकलेली. खरा टी४८ असता तर तीही लिहून झाली असती, कारण तो २५ व्होल्टपर्यंत देतो. माझ्या यंत्रावरचे लेबल नखाने उचकटले तेव्हा खाली टीएल८६६ टू प्लस हा जुना प्रोग्रामर निघाला, ज्याची मर्यादा १८ व्होल्ट. वाचायला पाच व्होल्ट पुरतात, म्हणूनच वाचन बिनबोभाट झाले होते. टीएल८६६चे हे नाव सॉफ्टवेअरच्या पट्टीत पहिल्या दिवसापासून दिसत होते, हे लिहितानाही लाज वाटते. यंत्र जोडताच ती पट्टी वाचा. बाकी सगळे नंतर.

पोलीस ठाण्यात दोन तास बसल्यावर प्रश्न आला, 'रॉम म्हणजे मोबाइलची मेमरी का?' आणि समजावल्यावर निर्णय आला, की वस्तू मिळाली असल्याने ही फसवणूक नसून व्यवहारातला वाद आहे. ऑनलाइन तक्रारीच्या यादीत माझ्या प्रकाराला जागाच नव्हती, म्हणून 'इतर' निवडले, तर 'इतर' म्हणजे काय ते स्पष्ट करा, असे उत्तर आले. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला. संकेतस्थळाने सांगितले की पैसे आमच्याकडून गेलेच नाहीत, आणि दुर्दैवाने ते खरे आहे. ग्राहक आयोगात एवढ्या रकमेला शुल्क लागत नाही, पण विक्रेत्याचा पत्ता लागतो, आणि पार्सलवरचा पत्ता एका झेरॉक्सच्या दुकानाचा निघाला. चार ठिकाणी चार अर्ज, प्रत्येकाला वेगळ्या प्रती. त्या झेरॉक्सचेच ११० रुपये झाले, जे वरच्या रकमेत धरलेले नाहीत.

चिप घ्यायच्याच असतील तर आधी एकच घ्या, आणि पाकीट फोडताना मोबाइलवर चित्रण करा. माझ्याकडे ते नव्हते म्हणून मीच चिपा घासल्या नाहीत हे मला सिद्ध करता आले नाही. त्याची जाहिरात परवा पुन्हा आली आहे, किंमत ५,६५० रुपये, व्हिडिओ तोच.