स्विमिंग पूलला कुंपण घालावं की कव्हर? लहान मुलांच्या घरासाठी तुलना

घराला स्विमिंग पूल आहे आणि घरात चालायला शिकलेलं मूल आहे, तर कुंपण घालायचं की वर कव्हर बसवायचं हा प्रश्न लवकरच समोर येतो. दोन्हींचा खर्च एकदम झेपत नाही, आणि दोन्हींचे विक्रेते आपल्याच वस्तूने काम भागेल असं सांगतात. माझं मत आधीच सांगते. एकच करणं शक्य असेल तर कुंपण करा, आणि तेही चारही बाजूंनी, म्हणजे घर आणि पाणी यांच्यामध्ये येणारं. काही बाबतींत कव्हर कुंपणापेक्षा सरस आहे, पण लहान मुलाच्या सुरक्षिततेसाठी त्याचा नंबर दुसरा.

असं का, ते समजायला हे अपघात कसे होतात ते बघायला हवं. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंमध्ये बुडणं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि फ्लोरिडा या राज्यांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे पूलमधले अपघात तपासले. दोन-तृतीयांशाहून जास्त मुलं त्या वेळी पाण्याजवळ असतील अशी घरातल्या कुणाला कल्पनाच नव्हती. आणि 77 टक्के मुलं नजरेआड होऊन पाच मिनिटं किंवा त्याहूनही कमी वेळ झाला होता. म्हणजे हे बहुतेक पोहताना झालेले अपघात नव्हतेच. घरात जो तो आपापल्या कामात, मूल दुसऱ्या खोलीत खेळतंय असा सगळ्यांचा समज, आणि ते मागच्या दाराने बाहेर पडलेलं. इतकं लहान मूल बुडताना बहुधा ओरडतही नाही.

तेव्हा विचारायचं ते एवढंच: कुणाच्याही ध्यानीमनी नसलेल्या त्या पाच मिनिटांत तुमचं साधन कोणत्या अवस्थेत असेल?

कुंपणाचं उत्तर सोपं आहे. चांगल्या कुंपणाचं फाटक आपोआप मिटतं आणि कडी आपोआप लागते, कुणाला काही आठवावं लागत नाही. कव्हर मात्र माणसाने ओढलं तरच ओढलं जातं. दुपारी पोहणं झालं, मुलं ओल्या अंगाने आत पळाली, टॉवेल गोळा करायचेत, तेवढ्यात फोन वाजतो, आणि संध्याकाळी परत उतरायचंच आहे म्हणून कव्हर तसंच राहतं. आळशी माणसांच्याच घरी असं होतं असं नाही, सगळ्यांच्याच घरी होतं. नव्याची नवलाई असते तोवर कव्हर रोज ओढलं जातं. खरी परीक्षा त्यानंतरची.

कव्हर म्हणजे नेमकं कोणतं?

इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर. पाण्यावर नुसतं तरंगणारं, बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकसारखं निळं आवरण पाणी उबदार ठेवण्यासाठी असतं. ते सुरक्षेचं साधन तर नाहीच, उलट धोका वाढवतं. त्यावर पाय पडला की ते खाली जातं, मुलाभोवती गुंडाळलं जातं आणि वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. पानं पडू नयेत म्हणून कडेने वजनं ठेवून अंथरलेली ताडपत्रीही त्याच माळेतली. घरात लहान मूल असेल तर या दोन्हींना कव्हर म्हणून मोजूच नका.

खरं सुरक्षा कव्हर दोन प्रकारांत मिळतं. एक म्हणजे काठाच्या फरशीत पितळी खुंट्या बसवून त्यांना स्प्रिंगच्या पट्ट्यांनी ताणलेली मजबूत जाळी. नीट बसवली की ती ढोलाच्या चामड्यासारखी ताठ असते. पण ती काढायला-घालायला दोन माणसं आणि बराच वेळ लागतो, त्यामुळे हंगाम संपल्यावर पूल बंद करायचा असेल तेव्हाच उपयोगाची. रोज पोहणाऱ्या घरात ती रोज कुणी लावणार नाही.

दुसरा प्रकार मोटरवर चालणारा. दोन्ही कडांना रूळ असतात आणि बटण दाबलं की साधारण मिनिटभरात अख्खा पूल झाकला जातो. कुंपणाशी तुलना करायचीच तर ती याच्याशी. सुरक्षा कव्हरसाठी अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या एएसटीएम या संस्थेचं एफ1346 हे मानक आहे. आठ फुटांहून रुंद पूलवरच्या कव्हरने त्यानुसार दोन मोठी माणसं आणि एक मूल, म्हणजे सुमारे 220 किलो वजन पेलायला हवं. कडेच्या फटीतून मूल आत सरकू नये आणि वर पाणी साचू नये, हेही त्यात तपासलं जातं. विकत घेताना या मानकाचा किंवा तुमच्या देशातल्या तशा मानकाचा शिक्का दाखवायला सांगा. तोंडी 'मजबूत आहे हो' पुरेसं नाही.

साचलेल्या पाण्याचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. मोटरचं कव्हर बहुधा पाणी न झिरपणाऱ्या कापडाचं असतं. जोराचा पाऊस झाला की मध्यभागी खोलगट डबकं तयार होतं, आणि तोल जाऊन पालथं पडलेल्या तान्ह्या मुलाला काही सेंटिमीटर पाणीही पुरतं. अशा कव्हरबरोबर वरचं पाणी उपसणारा छोटा पंप लागतोच, आणि तो चालू आहे की नाही हे पावसानंतर जाऊन बघावं लागतं. बटणाच्या जागी किल्ली किंवा कोड असलेलं स्विच घ्या, आणि ती किल्ली स्विचलाच लटकत राहणार नाही याची काळजी घ्या. स्विच अशा ठिकाणी हवं की चालवणाऱ्याला पूर्ण पूल दिसेल. पाण्यात कुणी असताना कव्हर बंद होऊ लागलं तर तो वेगळाच धोका.

कुंपणात काय बघायचं

कुंपणाचे आकडे बहुतेक देशांत थोड्याफार फरकाने सारखेच आहेत. ऑस्ट्रेलियात उंची किमान 1.2 मीटर, गजांमधलं आणि जमिनीलगतचं अंतर 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि चढायला आधार मिळणार नाही असा 90 सेंटिमीटरचा मोकळा पट्टा. अमेरिकेतली शिफारस चार फूट उंचीची. आडव्या पट्ट्या जवळजवळ असतील तर ती मुलासाठी शिडीच, म्हणून उभे गज किंवा बारीक छिद्रांची जाळी बरी. फाटक पाण्याच्या उलट दिशेला, बाहेर उघडणारं हवं, म्हणजे मुलाने ढकललं तर ते आणखी घट्ट बसेल.

घराच्या आवाराला भिंत आहे म्हणून पूलला वेगळं कुंपण नको असं मानणारे बरेच असतात. ती भिंत शेजारच्या मुलाला अडवते. तुमचं मूल तर आतच असतं. पूलच्या चारही बाजूंचं कुंपण आणि घराची भिंत हीच चौथी बाजू असलेलं तीन बाजूंचं कुंपण यांची तुलना झालेली आहे. चार बाजूंच्या कुंपणात बुडण्याचा धोका 83 टक्क्यांनी कमी आढळला. कव्हरच्या बाजूने असा भक्कम पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

कुंपणाची दुखरी जागा म्हणजे फाटक. एक चाचणी घरच्या घरी करता येते. फाटक पूर्ण उघडून सोडलं तर ते जोरात आपटून बंद होतंच. ते दोन-तीन इंचच उघडा आणि हात काढून घ्या. खट्कन कडी लागली तर ठीक, नुसतं टेकून राहिलं तर बिजागरीची स्प्रिंग ताणायला झालीय. सामान नेताना फाटकाला वीट लावून ठेवण्याची सवय आणि कुंपणाला टेकवलेली खुर्ची, या दोन गोष्टी चांगल्यात चांगलं कुंपण निकामी करतात.

कव्हर कुठे वरचढ

सगळे देश कुंपणाचाच आग्रह धरतात असंही नाही. फ्रान्समध्ये 2003 च्या कायद्याने खासगी पूलसाठी कुंपण, कव्हर, अलार्म किंवा पूलवर उभारलेलं बंदिस्त छत यांपैकी कोणतंही एक मान्य आहे. ऑस्ट्रेलियात मात्र कव्हर कुंपणाला पर्याय म्हणून धरलं जात नाही. मला ऑस्ट्रेलियाचं पटतं, पण फ्रेंचांनी कव्हर यादीत उगाच घातलेलं नाही. रात्री, किंवा घर बंद करून गावाला जाताना, ओढून कुलूप लावलेलं कव्हर कुंपणापेक्षा जास्त खात्रीचं. पाच-सहा वर्षांचं चपळ मूल चार फुटांचं कुंपण चढू शकतं; बंद कव्हरखालच्या पाण्यापर्यंत ते पोचत नाही.

पैशांच्या हिशेबातही कव्हर काही परत देतं. पूलमधली सुमारे 70 टक्के उष्णता बाष्पीभवनाने जाते, ती वाचते. पाणी आणि क्लोरीनही कमी लागतं. कुंपण यातलं काहीच वाचवत नाही. उलट मोटरच्या कव्हरचं कापड काही वर्षांनी बदलावं लागतं आणि रुळांत वाळू-कचरा अडकला की ते वाकडं ओढलं जातं. शिवाय हे कव्हर सरळ आयताकृती पूललाच नीट बसतं. वळणावळणाचा पूल असेल तर निवड आपोआपच झाली.

ज्यांना कायमचं कुंपण डोळ्यांना खुपतं त्यांच्यासाठी काढता येणारं जाळीचं कुंपण आहे. फरशीत भोकं पाडून खांब रोवायचे आणि मूल मोठं झाल्यावर उपटून भोकांना टोपणं लावायची. पाहुणे आले, फोटो काढायचेत, अशा कारणांनी ते मध्येच काढून ठेवायचा मोह आवरता येत असेल तरच हे घ्या.

पूल अजून बांधायचा असेल तर बांधकाम करणाऱ्याला कव्हरच्या रुळांची आणि गुंडाळीची जागा आताच ठेवायला सांगा, कारण काठाखाली लपणारे रूळ नंतर बसवायचे तर काठ फोडावा लागतो. तेवढी जागा ठेवून मोटर आणि कापड पुढच्या एखाद्या वर्षी घेतलं तरी चालेल. कुंपण मात्र पूलमध्ये पाणी भरण्याआधी उभं राहायला हवं.